टिचकी

५ फेब्रुवारी

आज मला टिचकी मारायला शिकवलं. आता तू कंट्रोल रूमची झालीस, असं हिरवेकाका म्हणाले.

पाणीपुरवठा विभागाच्या तळमजल्यावर आमची खोली आहे. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा, त्यावर शहरातल्या सगळ्या पंपांची आणि टाक्यांची नावं, प्रत्येक नावापुढे एक दिवा. दिवा हिरवा असला तर तिथलं यंत्र आमच्याशी बोलतंय, लाल झाला तर ते गप्प झालंय. लाल दिसला की फोन करायचा, माणूस पाठवायचा. काम एवढंच, पण रात्रंदिवस कुणीतरी त्या पडद्याकडे बघत बसलेलं असतं, म्हणून शहराच्या नळाला पाणी येतं. मला हे फार आवडलं. हिरवेकाकांचं आडनाव खरं वेगळंच आहे. पाळी संपली की ते पडद्यावरून एक नजर फिरवून 'सगळं हिरवं' म्हणतात आणि उठतात, म्हणून ते हिरवेकाका.

पडदा चालवणारं सॉफ्टवेअर अधूनमधून अडकतं. अडकलं की दिवे आहेत तसे गोठून राहतात. मग टिचकी मारायची. 'चाचणी' नावाचं एक पान आहे. तिथल्या चौकटीत यंत्राचा पत्ता टाकला की सॉफ्टवेअर त्या यंत्राला हाक मारून बघतं. काकांनी पत्ता टाकला, त्यापुढे अर्धविराम आणि त्यापुढे एक लांबलचक ओळ, न बघता. बटण दाबल्यावर पडदा काळा झाला आणि पुन्हा जिवंत झाला.

हे कसं चालतं, असं मी विचारलं. माझ्या शेजारी बसणारा बारक्या (हा दारातून आडवा होऊन आत येतो) म्हणाला की जुन्या टीव्हीच्या डोक्यात टपली मारली की तो चालायचा ना, तसंच.

सर्व्हर रीतसर बंद-चालू करायचा पासवर्ड पुरवठादाराकडे आहे आणि त्यांचा करार संपलाय. चाचणीचं पान फक्त काकांच्या लॉगिनवर उघडतं. त्यामुळे तिन्ही पाळ्या काकांच्याच नावाने काम करतात, त्यांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ आहे.

बाबांनी गल्लीभर सांगून ठेवलंय की पोरगी अख्ख्या शहराला पाणी सोडते. मी म्हटलं, बाबा, मी पाणी सोडत नाही, दिवे बघते. ते म्हणाले, तेच ते.

१२ फेब्रुवारी

काका सुट्टीवर. पडदा अडकला. बारक्या जेवायला गेला होता, म्हणून मीच टिचकी मारली. जमलं. पण मनाला खटकलं. पत्ता लिहायच्या चौकटीत पत्त्याशिवाय दुसरं काही चालायलाच नको, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मग हे का चालतं?

१९ फेब्रुवारी

कळलं.

कोपऱ्यात सरावासाठी एक जुनं मशीन आहे, त्यावर हेच सॉफ्टवेअर आहे. त्यावर मी पत्ता टाकला, अर्धविराम टाकला आणि पुढे मशीनला नुसतं विचारलं, तू कुणाच्या हुकमाने चालतोस? उत्तर आलं ते सगळ्यात वरच्या वापरकर्त्याचं नाव, ज्याला त्या मशीनवर काहीही करायची मुभा असते.

संध्याकाळी आईला समजावून सांगितलं, म्हणजे मलाही नीट समजलं. एक शिपाई आहे. त्याला चिठ्ठीवर नाव लिहून दिलं की तो त्या माणसाला हाक मारतो. चिठ्ठीवर कुणी नावापुढे लिहिलं, 'आणि मग तिजोरी उघड', तर तो तिजोरीही उघडतो, कारण नाव कुठे संपलं हे बघायला त्याला कुणी सांगितलंच नाही. आमचं सॉफ्टवेअर चौकटीतला मजकूर जसाच्या तसा हुकमाला चिकटवतं आणि मशीनच्या हाती देतं. त्याच सर्व्हरवरून पंपांना हुकूम जातात. कुठल्याही पंपघरातल्या संगणकावर बसून, काकांचा पासवर्ड टाकून, कुणीही शहराचं पाणी तोडू शकतं.

आई म्हणाली, मग त्या शिपायाला काढून टाका.

२० फेब्रुवारी

खोलीत सगळ्यांना सांगितलं. काकांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शोधलंस ते बरोबरच आहे, पदवीधर. पण वर्षभर थांबतेस का? मी निवृत्त होतो, मग काय हवं ते शोध."

सगळे हसले, काकाही हसले. मला हसू आलं नाही. एवढी वर्षं इथे काढलेला माणूस असं म्हणतो याचं वाईट वाटलं. सवय झाली की माणसाला भोक हेच दार वाटायला लागतं. मी तशी होणार नाही.

थेट साहेबांकडे गेले. सरावाच्या मशीनवर त्यांना करून दाखवलं. त्यांनी उठून दार लावलं. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला तो हा, की हे कुणाकुणाला माहीत आहे.

२२ फेब्रुवारी

रिपोर्ट दिला. साहेबांनी दोन बदल सुचवले. एक, ही पळवाट आजवर कुठल्या लॉगिनवरून वापरली गेली त्याची नोंद सर्व्हरवरून काढून जोडायची, कारण पुराव्याशिवाय रिपोर्टला वजन येत नाही. दुसरं, माझा शेवटचा परिच्छेद काढायचा. त्यात मी लिहिलं होतं की पुरवठादाराने हे भोक बुजवणारी सुधारित आवृत्ती केव्हाच काढली आहे, पण आपण करार वाढवला नाही म्हणून ती मिळाली नाही. साहेब म्हणाले, तो खरेदीचा विषय, आपण तांत्रिक माणसं, मुद्द्याला धरून लिहावं. पटलं. मला पाल्हाळ लावायची सवय आहेच.

नोंदी जोडल्या. सगळ्या काकांच्या नावावर आहेत. सगळे तेच लॉगिन वापरतात हे साहेबांना माहीत असेलच.

२५ फेब्रुवारी

दुपारी सुरक्षा विभागाची दोन माणसं आली. चौकशी होईपर्यंत काकांनी घरी थांबायचं. सर्व्हरमध्ये अनधिकृत हस्तक्षेप, वारंवार आणि जाणीवपूर्वक, असं पत्रात लिहिलंय. त्यातले अर्धे शब्द माझ्या रिपोर्टातले आहेत.

त्यांनी ओळखपत्र मागितलं. काका म्हणाले, "कार्ड न्या. दोरी माझी आहे, मुलीने विणलीय." गाठ सुटेना. आम्ही सगळे बघत उभे. शेवटी त्यांनी दातांनी सोडवली, दोरी खिशात घातली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

माझ्याकडे त्यांनी रागाने पाहिलं नाही. पाहिलंच नाही.

मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं की ते लॉगिन सगळे वापरतात. ते म्हणाले, चौकशीत सगळं बाहेर येईल, प्रक्रियेवर विश्वास ठेव. ठेवला.

जेवले. झोपले.

२७ फेब्रुवारी

भोक बुजवायचं काम माझ्याकडे आलं. सर्व्हरचा पासवर्ड नाही, म्हणून साहेबांच्या परवानगीने त्याच भोकातून आत शिरले. दोन दिवस तेच. चौकटीत आता फक्त आकडे आणि टिंबं चालतात, दुसरं काहीही आलं तर लाल अक्षरांत 'पत्ता चुकीचा आहे'. शिवाय चौकटीतला मजकूर सॉफ्टवेअर आता हुकमाला चिकटवत नाही, मशीनच्या हाती वेगळा देतं, म्हणजे तो पत्ता म्हणूनच वाचला जातो. आणि ते पान सगळ्यात कमी अधिकार असलेल्या वापरकर्त्याकडून चालवायचं, म्हणजे उद्या कुणी शिरलंच तरी हाती काही लागणार नाही. सगळे वापरायचे तो पासवर्डही बदलला.

सगळं पुस्तकात असतं तसं केलं. साहेबांनी वरपर्यंत कौतुक कळवलं. कायम करण्याच्या यादीत माझं नाव आहे म्हणे.

बाबांना सांगितलं. ते उठून शेजारी सांगायला गेले. मी खिडकीत उभी राहून ते जाताना बघत होते. आनंद व्हायला हवा होता. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला आहे हे ठाऊक असतं, पण जाणवत नाही, तसं काहीतरी.

४ मार्च

सकाळी कामावर आले तेव्हा सगळे दिवे हिरवे होते. दहाच्या सुमाराला टेकडीवरच्या वस्तीतून पहिला फोन आला की नळ कोरडा आहे. पडद्यावर टेकडीचा पंप हिरवा, टाकी हिरवी. बारक्याने त्यांना सांगितलं, तुमच्या घरचाच काही बिघाड असेल, इथे सगळं ठीक दिसतंय. मग दुसरा फोन. मग फोन थांबेचनात.

पडदा पहाटेच कधीतरी हिरव्या दिव्यांसकट गोठला होता. पंप त्यानंतर बंद पडला. टाकी रिकामी होत गेली आणि आम्ही तिच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसलो होतो.

बारक्या माझ्या खुर्चीवर बसला आणि सवयीने पत्ता, अर्धविराम, ती सगळी ओळ टाकली. लाल अक्षरं आली, 'पत्ता चुकीचा आहे'. ती मीच लिहिलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही ती वाचत राहिले, जणू दुसऱ्या कुणीतरी लिहिलीत.

सर्व्हर बंद-चालू करायचा दुसरा मार्ग आमच्याकडे नव्हता. मी भोक बुजवलं, पण त्या भोकातून आम्ही कशासाठी हात घालत होतो हे स्वतःला विचारलंच नाही. मी स्वतः हात घातला होता, तरी विचारलं नाही.

शेवटी साहेबांनी विजेचं मुख्य बटणच बंद करून चालू करायला लावलं. टेकडीवर पाणी पोचायला संध्याकाळ झाली. तिथल्या शाळेने मुलांना घरी पाठवलं. एका म्हाताऱ्या बाईंचा फोन मी घेतला. एक बादली शिल्लक आहे, ती प्यायला ठेवू की भांडी घासू, असं विचारत होत्या. मी म्हटलं, प्यायला ठेवा. त्यांनी माझे आभार मानले.

५ मार्च

वर जो खुलासा गेला त्यात लिहिलंय की पडदा अडकला तो आधीच्या हस्तक्षेपाने सॉफ्टवेअर कमकुवत झाल्यामुळे. आधीचा हस्तक्षेप म्हणजे काकांचा. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही, तो आधीपासूनच अडकतो. साहेबांची गफलत झाली असावी. घाईत लिहिलं होतं त्यांनी.

७ मार्च

काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि बाजूला झाल्या. काका खिडकीच्या जाळ्या काढून ओल्या फडक्याने पुसत होते. मी एक जाळी धरून उभी राहिले.

काकाच आधी बोलले. चौकशीसाठी त्यांना नोंदींची प्रत मिळाली आहे. त्यात बारा फेब्रुवारीची एक आहे. "बाराला मी मुलीबरोबर दवाखान्यात होतो," ते म्हणाले. "पण मी सांगणार आहे की मधेच येऊन गेलो. तू गप्प बसायचं. तुझी नोकरी अजून कच्ची आहे, एका शब्दात घालवतील. माझं काय, एक वर्ष राहिलंय."

आतून काकू म्हणाल्या, "एक वर्ष राहिलंय म्हणे. बडतर्फ केलं तर पेन्शन कुठली? ते सांगा ना तिला."

काका म्हणाले, तू तुझं काम बघ. काकू म्हणाल्या, तेच बघतेय. मी जाळी परत चौकटीत बसवून दिली.

येताना बस चुकली. चालत आले.

१० मार्च

उद्या चौकशी. मी बोलले नाही तर काका जातात. बोलले तर मी जाते. घरात महिन्याला ठरलेल्या दिवशी पगार आणणारी मी पहिलीच. बाबा अजून गुडघे टेकून लोकांच्या मोऱ्यांखाली पाइप जोडतात. हे सगळं मी लिहितेय, पण बाजारातून काय आणायचं ते लिहावं तसं लिहितेय. काय करायचं ते ठरलेलं नाही. आईने उद्यासाठी कपडे इस्त्री करून ठेवलेत, तिला वाटतंय सत्कार आहे.

११ मार्च

चौकशीला बाहेरून एक बाई आल्या होत्या. हळू बोलतात, सगळं लिहून घेतात. टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला काका, दाराशी बारक्या.

बाईंनी मला भोकाबद्दल विचारलं. मी सांगितलं. ते कसं बुजवलं तेही सांगितलं. चांगलं सांगितलं असावं, त्या मान डोलवत होत्या. मग त्यांनी काकांना एकेक नोंद विचारायला सुरुवात केली. काका प्रत्येकीला 'माझी' म्हणत होते. बारा फेब्रुवारी आली. काका म्हणाले, "माझी. दवाखान्यातून येऊन गेलो होतो."

मी म्हटलं, "ती माझी आहे."

मी ठरवून बोलले नाही. चुकीचं उत्तर ऐकलं की वर्गात हात वर जायचा, तसं झालं.

काका म्हणाले, "ही खोटं बोलतेय, मॅडम. लहान आहे, हिला दया येतेय माझी."

बाईंनी लिहिणं थांबवलं. मी सांगितलं की त्या दिवशी पडदा अडकला होता, खोलीत मी एकटी होते आणि काकांनी शिकवलेली ओळ मीच टाकली. बाईंनी बारक्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "त्यातल्या माझ्या किती, ते मी मोजलेलं नाही. पण बऱ्याच आहेत. बाकीच्या पाळ्यांनाही विचारा."

बाईंनी मला विचारलं, सगळेच असं का करत होते? मी म्हटलं, अडकलेला पडदा सुरू करायचा दुसरा उपाय नव्हता. का नव्हता? करार संपला होता. नवी आवृत्ती? केव्हाच आली आहे. मग हे तुमच्या रिपोर्टात का नाही? मी म्हटलं, होतं, पण साहेब म्हणाले तो दुसऱ्या विभागाचा विषय आहे.

साहेबांनी घसा साफ केला आणि पाणी मागितलं.

बाहेर आल्यावर काका जिन्यात थांबले होते. पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "मी एकटा बुडत होतो ना? मग तू कशाला उडी मारलीस?" मी उत्तर देईपर्यंत ते खाली उतरून गेले होते.

१५ मार्च

काही नाही. कामावर गेले, आले.

२ एप्रिल

निकाल लागला. 'एका व्यक्तीचा गैरप्रकार नव्हे, कार्यपद्धतीतील दोष.' काकांना कामावर घेतलंय, पण कंट्रोल रूममध्ये नाही, मागच्या आवारातल्या भांडारात. या वर्षीची वेतनवाढ नाही. पेन्शन शाबूत. माझा उमेदवारीचा काळ एका वर्षाने वाढवला. बारक्याला लेखी ताकीद. कार्यपद्धती सुधारण्यासाठी समिती नेमली आहे, साहेब तिचे अध्यक्ष. अनुभवी माणूस हवाच तिथे. आज त्यांना जिन्यात नमस्कार केला तर त्यांचं लक्ष नव्हतं.

करार वाढवला. नवी आवृत्ती बसली. मी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन करून दिलं आणि पडदा पुन्हा सुरू करायचं एक साधं बटण. शिवाय पडद्याच्या कोपऱ्यात शेवटची खबर कधी आली ती वेळ दिसते. वेळ पुढे सरकली नाही तर हिरव्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

बाबांना सांगितलं की अजून कायम झाले नाही. ते म्हणाले, शेजाऱ्यांना मी सांगितलंय खरं, पण त्यांना कुठे एवढं लक्षात राहतंय.

९ एप्रिल

उपाहारगृहात काका दिसले. मी ताट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. ते उठले. जेवण झालं होतं त्यांचं, असं बारक्या म्हणाला. ताटात अर्धं शिल्लक होतं.

२३ एप्रिल

दुपारी कुणीतरी आमच्या दाराची काच वाजवली. काका होते. त्यांच्या कार्डाने आता आमचं दार उघडत नाही. मी उघडलं. ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहून, काल भेटलो होतो अशा आवाजात बोलले.

भांडारात कुठला माल शिल्लक आहे ते शोधायचं एक जुनं सॉफ्टवेअर आहे. त्यात वस्तूचं नाव टाकायची चौकट आहे. "मी 'झडप' लिहिलं," काका म्हणाले, "पुढे अर्धविराम टाकला आणि आजची तारीख विचारली. त्याने तारीख सांगितली."

मी विचारलं, आणखी काही चालवून बघितलं का?

"नाही. हात मांडीखाली दाबून बसलो. मग उठून इकडे आलो."

मी विचारलं की तिथली माणसं त्या वाटेचा कशाला उपयोग करतात, ती बंद केली तर त्यांचं काय अडेल. त्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, अजून कुणाला माहीतच नाही, मीच पहिला. बारक्या पाठीमागून म्हणाला, म्हणजे आठवडाभरात सगळ्यांना शिकवून झालं असतं. काकांनी त्याला एक शिवी घातली आणि मगच आत आले.

"लिही रिपोर्ट," ते म्हणाले. "शोधणाऱ्याच्या जागी माझं नाव घाल. आणि तुझ्या साहेबांनी काही गाळायला सांगितलं तर आधी मला दाखव."

मी लिहीत होते तोवर ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं की भांडाराचा करारही संपलेला आहे. तो त्यांनी दोनदा वाचला आणि राहू दे म्हणाले.

रात्री जेवताना एकदम रडू फुटलं. घास तोंडात तसाच. आई घाबरली, तिखट लागलं का म्हणाली. मी मान हलवली. तिने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला, आणि बाबांनी काही न विचारता स्वतःचाही.